आळ पारव्यावर

कोंबड्यांत मर आली की पुणे जिल्ह्यातल्या तळेघरच्या बाजूला बोट दोघांकडे जातं. एक, आठवडे बाजारातून नुकताच आणलेला कोंबडा. दुसरे, अंगणात वाळत घातलेल्या भातावर उतरणारे पारवे. कोंबडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. त्याच्यावर आळ घेतला तर शेजाऱ्याशी वाकडं येतं. पारव्याला मालक नाही. त्यामुळे निकाल बहुधा पारव्याच्या विरुद्ध लागतो आणि प्रकरण तिथंच मिटतं.

पुढच्या पानांत पारव्यांच्या विषाणूजन्य आजारांविषयी जी टिपणं आहेत, ती हे मिटलेलं प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी लिहिली आहेत. पारवा निर्दोष आहे असं सांगायचा हेतू नाही. जगात काही ठिकाणी त्याच्यावरचा आरोप पुराव्यानिशी सिद्ध झालेला आहे. पण पुरावा म्हणजे नेमकं काय, तो कुठं असतो, कसा वाचतात आणि आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातून तो प्रयोगशाळेपर्यंत का पोचत नाही, हे समजल्याशिवाय आळही घेऊ नये आणि सुटकाही करू नये, एवढंच माझं म्हणणं.

पारवा मुळात कड्याचा पक्षी. शहरात छज्ज्यावर, एसीच्या खोक्यामागे घुमताना दिसतो त्या पारव्याचे पूर्वज खडकाच्या कपारीत राहायचे. माणसानं त्यांना हजारो वर्षांपूर्वी पाळलं, त्यातले काही ढाबळीतून सुटले, आणि त्यांना इमारतींच्या रूपानं नवे कडे सापडले. जुन्नरच्या पारव्यांना मात्र जुना कडा सोडायची वेळच आली नाही. तालुक्यात डोंगर कोरून केलेली दोनशेहून जास्त लेणी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत भिक्षूंसाठी खोदलेल्या खोल्या म्हणजे पारव्यांना बांधून मिळालेली घरं. (मानमोडी हे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचंही मराठी नाव. डोंगराचा रोगाशी काडीचा संबंध नाही. पण जुन्नरकर वाचक पुढं ठेचकाळेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.) लेणी नसतील तिथं विहिरीच्या बांधकामातले कोनाडे आहेत, जुन्या वाड्यांच्या तुळया आहेत. पारव्याला उन्हाळा-पावसाळ्याचंही फारसं बंधन नाही. दोन अंडी, सतरा-अठरा दिवसांची उबवणी, आणि अनुकूल जागी जवळजवळ वर्षभर विणीचं चक्र चालू.

पश्चिमेला, तळेघरच्या पुढं भीमाशंकरच्या रानात, याच कुळातली दुसरी मंडळी राहतात. उंबर-वडाच्या फळांवर जगणारा हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आणि त्याहून क्वचित दिसणारं निलगिरी रानकबूतर, जे पश्चिम घाटाच्या दाट जंगलाबाहेर जवळपास मिळत नाही. त्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये केलं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं नाव त्याला दिलं. शेताच्या बांधावरचे होले तर सगळ्यांच्या ओळखीचे. म्हणजे कड्यावरचा पारवा, बांधावरचा होला, उंबरावरचा हरियाल आणि सदाहरित रानातलं रानकबूतर, एकाच कुळाच्या या चार घरांत फार तर दहा-वीस किलोमीटरचं अंतर. अमेरिकेत फ्लोरिडात 2001 पासून कंठीवाले होले मोठ्या संख्येनं मरून पडू लागले, ते पारव्यांच्याच एका विषाणूनं. आपल्याकडच्या रानकबुतरांविषयी बोलताना मला ती घटना आठवते, कारण कंठीवाला होला जगभर भरपूर आहे आणि रानकबूतर नाही.

आता अंगणाकडे येऊ. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून होतं. शेणानं सारवलेल्या खळ्यावर ते पसरलेलं असतं. सकाळी पडवीतलं खुराडं उघडलं की कोंबड्या थेट तिथं जातात. थोड्या वेळानं पारवे उतरतात. कोंबड्या पायानं उकरून खातात, पारवे उकरत नाहीत, वरचंवर टिपतात. त्यामुळे भांडण होत नाही आणि दोघं तासभर एकाच जागी वावरतात. कडेला पाण्याची पसरट थाळी. विषाणूच्या दृष्टीनं यापेक्षा सोयीची जागा नाही. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो, दाण्यावर आणि पाण्यात जातो, आणि ओल असेल तिथं बराच काळ टिकतो.

त्या थव्यात आजारी पारवा असला तर तो ओळखायला डॉक्टर लागत नाही, थोडा धीर लागतो. तो पाणी फार पितो. विष्ठा पाण्यासारखी पातळ. एखादा पंख किंचित लोंबतो. आणि मग दिसतं ते खास लक्षण: तो दाणा टिपायला मान खाली घालतो आणि चोच दाण्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर जमिनीवर आपटते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा चूक. डोळे शाबूत आहेत, भूक आहे, दाणा समोर आहे. मेंदू आणि मान यांच्यातला मेळ गेलेला असतो. पुढं मान पिळवटते, कधी पूर्ण उलटी होते, पक्षी स्वतःभोवती गिरक्या घेतो. असे काही पारवे आजारानं मरत नाहीत, दाणा उचलता येत नाही म्हणून मरतात. ढाबळवाले अशा पक्ष्याला हातानं भरवतात आणि त्यातले बरेच काही आठवड्यांत सावरतातही. मात्र मान वाकडी झाली म्हणजे हाच विषाणू, असं धरून चालू नये. साल्मोनेला हा जिवाणू, ब जीवनसत्त्वांची कमतरता, कीटकनाशकाची विषबाधा, यांनीही मान वळते. लक्षणावरून शंका घ्यावी. निदान प्रयोगशाळेत करावं.

या आजारामागचा विषाणू म्हणजे राणीखेतच्याच विषाणूचा एक वेगळा वंश. राणीखेतची गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या वाटेनं सुरू होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कोंबड्या मोठ्या प्रमाणात मेल्या. पाठोपाठ कुमाऊँतल्या राणीखेतला तसंच झालं, आणि मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या जे. टी. एडवर्ड्स यांनी त्या रोगाची नोंद केली. ती प्रयोगशाळा मूळची पुण्याची. 1889 मध्ये ती इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावानं पुण्यात उघडली. जिवंत रोगजंतूंवर काम करायचं तर वस्तीपासून लांब, थंड जागा हवी, म्हणून 1893 मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. मुक्तेश्वरच्या विषाणूपासूनच 1940 च्या दशकात आर टू बी ही लस तयार झाली. कोंबडीपालकांच्या तोंडी असलेल्या दोन लशींपैकी लासोटा पिलांना डोळ्यात थेंब टाकून किंवा पाण्यातून देतात. आर टू बी मोठ्या पक्ष्यांना टोचतात. पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत राणीखेतची लस आजही बनते.

या विषाणूचा पारव्यांतला वंश मात्र बराच नंतरचा. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तो पश्चिम आशियात दिसला, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात पोचला आणि शर्यतीच्या कबुतरांबरोबर देशोदेशी गेला. शर्यतीत शेकडो ढाबळींचे पक्षी एकाच गाडीत कोंबून दूर नेतात, सोडतात, आणि प्रत्येक पक्षी विषाणू घेऊन आपापल्या घरी परततो. रोग पसरवण्याची याहून पक्की व्यवस्था कुणी मुद्दाम आखली असती तरी जमली नसती. 1984 मध्ये ब्रिटनमधल्या कुक्कुटपालनांत रोगाचे वीसहून जास्त प्रादुर्भाव झाले. त्यातल्या बहुतेकांचा माग लिव्हरपूलच्या गोदीतल्या धान्याच्या गोदामांपर्यंत लागला. गोदामांत पारवे राहत होते. त्यांच्या विष्ठेनं माखलेलं धान्य खाद्याच्या कारखान्यात गेलं आणि तिथून कोंबड्यांपुढं. हा तो सिद्ध झालेला गुन्हा. मुख्य दोष गोदामाच्या फुटक्या छपराचा होता, असं माझं मत. पण विषाणू पारव्याचा होता, यात वाद नाही.

हे कसं कळतं? इथं जनुकांचा विषय येतो, आणि तो टाळून या आजारांविषयी बोलणं म्हणजे हवेत बोलणं. या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा, सुमारे 15,200 अक्षरांचा. जनुकं सहा. त्यातलं एफ नावाचं जनुक ज्या प्रथिनाचं, ते विषाणूला पेशीत शिरायला मदत करतं. हे प्रथिन आधी अखंड बनतं आणि एका ठरावीक जागी तुटलं तरच कामाला येतं. तोडणारं विकर विषाणूचं नसतं, पक्ष्याच्या शरीरातलं असतं. सौम्य विषाणूत त्या जागेची रचना अशी, की श्वासमार्गात आणि आतड्यात मिळणारी विकरंच तिला तोडू शकतात. म्हणून संसर्ग तिथल्या तिथं राहतो. लासोटा लस याच जातीची. जहाल विषाणूत त्या जागी आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची गर्दी असते आणि 117 व्या स्थानावर ल्यूसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलॅनिन. अशी जागा फ्युरिन नावाचं विकर तोडतं, आणि फ्युरिन शरीरात जवळपास सगळीकडे असतं. मग विषाणू यकृतात जातो, प्लीहेत जातो, मेंदूत जातो. पंधरा हजारांतली ही मोजकी अक्षरं वाचली की विषाणू कोणत्या स्वभावाचा, याचा अंदाज बांधता येतो.

अंदाज म्हणतो, कारण पारव्याच्या वंशानं इथं तज्ज्ञांची पंचाईत केली. त्याच्या एफ प्रथिनाची ती जागा जहाल विषाणूसारखीच असते. पण विषाणूचा जहालपणा प्रत्यक्ष मोजायची जी पद्धत आहे, तीत त्याचे आकडे पुष्कळदा मवाळ निघतात. ही पद्धत क्रूर आहे पण स्पष्ट आहे. एका दिवसाच्या पिलांच्या मेंदूत विषाणू टोचतात आणि आठ दिवस रोज पाहतात: ठणठणीत पिलाला शून्य, आजारी पिलाला एक, मेलेल्या पिलाला दोन. सरासरी काढतात. दोन हा सर्वांत वाईट आकडा. 0.7 किंवा त्याहून जास्त आला, किंवा अक्षरांत जहाल खूण सापडली, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो कळवायलाच हवा असा रोग. पारव्यांच्या काही विषाणूंत खूण जहाल, आकडा किरकोळ. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशाच एका विषाणूवर काम केलं. त्यांनी तो एका कोंबडीच्या पिलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पुढं नेला, आणि काही फेऱ्यांतच तो कोंबड्यांना जड जाऊ लागला. एफ प्रथिनाची जागा बदललेलीच नव्हती. बदल झाला होता तो विषाणूच्या नकला काढणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे पी आणि एल या जनुकांच्या, अक्षरांत.

खळ्यावरच्या प्रसंगाला हे जोडून पाहा. पारव्याकडून आलेला विषाणू पहिल्या कोंबडीला फार काही करणार नाही कदाचित. पण कोंबड्या दाटीनं असतील, लस दिलेली नसेल आणि विषाणूला एकीतून दुसरीत जायला वेळ मिळाला, तर महिन्याभरानं त्याच खुराड्यात त्याचं रूप वेगळं असू शकतं. तोवर पारव्यांचा थवा दुसऱ्या वाडीवर गेलेला असतो.

आता मूळ प्रश्न: पारवा की बाजारातला कोंबडा? विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुका करतो आणि त्या चुका पुढच्या नकलांत उतरतात. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांचं हेच झालं होतं. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना बसून शुद्ध प्रत तयार करावी लागली. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक एकाच ओवीत सापडली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असं म्हणता येतं. विषाणूंची वंशावळ याच तर्कानं काढतात. एफ जनुकाचा पूर्ण क्रम वाचायचा, जगभरच्या जनुकपेढ्यांतल्या क्रमांशी ताडून पाहायचा, आणि सामाईक चुकांवरून कोण कुणाच्या जवळचा ते ठरवायचं. या वंशांना रोमन आकडे दिले आहेत. पारव्यांचा म्हणून ओळखला जाणारा सहावा. 2019 मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून वर्गवारी नव्यानं लावली तेव्हा सहाव्यातून विसावा आणि एकविसावा वेगळे काढले गेले. भारतातल्या कोंबड्यांत अलीकडच्या काळात ठळकपणे सापडलेला तेरावा. लासोटा दुसऱ्या वंशातली, मुक्तेश्वरची आर टू बी तिसऱ्या.

म्हणजे तळेघरच्या मेलेल्या कोंबडीतला विषाणू वाचला आणि तो तेराव्यात बसला, तर तो देशातल्या कोंबड्यांमधूनच फिरत आलेला. पारव्याची या प्रकरणातून सुटका. सहाव्यात किंवा एकविसाव्यात बसला, तर पारव्याला जाब विचारायचा. आणि दुसऱ्या-तिसऱ्यात बसला, तर बहुधा लशीचाच विषाणू हाताला लागला आहे आणि कोंबडी कशानं मेली ते अजून शोधायचंय. असं उत्तर इतक्या सरळ रेघेत येणं ही या विषयातली चैन आहे. फार थोड्या रोगांत ती मिळते. भारतात पारव्यांतून हा विषाणू मिळाला आहे आणि वाचलाही गेला आहे. आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी 2017 मध्ये सहाव्या वंशातल्याच, पण नेहमीच्या शाखांपासून फटकून असलेल्या एका भारतीय विषाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. फटकून असण्याचा एक अर्थ असा, की त्याचे मधले भाऊबंद कुठंतरी फिरताहेत आणि कुणी वाचलेले नाहीत.

पारव्यांचे बाकीचे विषाणू पुढं ओळीनं येतील, त्यांच्याविषयी इथं थोडक्यात. देवीचा विषाणू डासांवाटे पसरतो. डोळ्याभोवती, चोचीच्या मुळाशी आणि पायांवर खपलीच्या गाठी येतात, पावसाळ्यानंतर जास्त. सर्कोव्हायरस आकारानं नगण्य, जेमतेम दोन हजार अक्षरांचा, पण तो पिलांची प्रतिकारशक्तीच पोखरतो आणि मग दुसराच कुणी येऊन पिलू मारतो. पारव्याची जोडी पिलांना गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार होणारं दूध भरवते, नर आणि मादी दोघंही. असे विषाणू पिलाला मिळायचा तोही एक मार्ग. युरोपात कोवळ्या कबुतरांच्या एका आजाराचा दोष अनेक वर्षं याच सर्कोव्हायरसला आणि अ‍ॅडेनोव्हायरसला दिला जात होता. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थकडे ढाबळीच्या ढाबळी आजारी पडल्या आणि त्यातून रोटाव्हायरस निघाला. मग युरोपातल्या संशोधकांनी आपल्याकडच्या आजारी कबुतरांत तसाच रोटाव्हायरस शोधला, तो मिळाला, निरोगी पिलांना दिल्यावर तोच आजार झाला. जुने दोन आरोपी बऱ्याच अंशी सुटले.

हर्पीसविषयी मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात सह्याद्रीचा संबंध आहे. पारव्याच्या अंगात त्याचा हर्पीस विषाणू बहुतेक वेळा शांत पडून असतो. तो पारवा ससाण्यानं किंवा घुबडानं खाल्ला, तर खाणारा काही दिवसांत यकृत सडून मरू शकतो. ससाण्यांचा आणि घुबडांचा हा रोग आधी वेगळ्या विषाणूंचा समजला जाई. 2008 मध्ये अमेरिकेत लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं ताडून पाहिली आणि तो पारव्याचाच विषाणू असल्याचं दाखवलं. आपल्या कड्यांवरचा शाहीन ससाणा पारव्यांवरही पोसला जातो. पारवा वाढला म्हणून ससाण्याची चंगळ झाली असं वाटतं, आणि त्या चंगळीत हा धोका असतो.

हेच ओक्स गिधाडांच्या शोधातलेही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या गिधाडांची घसरण जगापुढं मांडली. मरण्याआधी गिधाडं तासन्‌तास मान खाली टाकून बसत. रोग झपाट्यानं पसरतोय असं दिसत होतं, म्हणून काही वर्षं जाणकारांनी विषाणूचा शोध घेतला. 2004 मध्ये ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवरून सिद्ध केलं, की कारण विषाणू नसून जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक आहे. भारतानं 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरातून ते काढलं. मान टाकलेला पक्षी दिसला की विषाणूचंच नाव घेणाऱ्या प्रत्येकानं, माझ्यासह, ही गोष्ट हाताशी ठेवावी.

बर्ड फ्लूचं नाव काढल्याशिवाय वाचक पुढं सोडणार नाही. देशातला पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्या विषाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच5एन1 असल्याचं सांगितलं. या सगळ्यात पारवा कुठं? फारसा नाही. प्रयोगात पारव्यांना हा विषाणू दिला तर बहुतेक वेळा ते आजारी पडत नाहीत आणि विषाणू बाहेरही थोडाच टाकतात. काही जहाल विषाणूंनी पारवे मेल्याची उदाहरणं आहेत. पण बदक, कावळा आणि वाहतुकीतली कोंबडी यांच्या मानानं पारव्याचा वाटा किरकोळ. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, मोर्चे निघाले, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. त्या वादातला मुख्य वैद्यकीय मुद्दा विष्ठेच्या आणि पिसांच्या भुकटीनं फुफ्फुसांना येणाऱ्या सुजेचा होता. तो आजार खरा आहे, गंभीर आहे, आणि विषाणूचा नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत मात्र सगळं एकत्र कालवलं जात होतं.

आता तळेघरची मेलेली कोंबडी. कागदावर वाट सरळ आहे: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात, आणि बर्ड फ्लूची शंका असेल तर पुढं भोपाळला. कोविडच्या काळात पुण्यातल्या तीन-चार संस्थांनी विषाणूंचे हजारो जनुकसंच वाचले; यंत्रं आहेत, माणसं आहेत, अंतर शंभरेक किलोमीटर. तरीही नमुना निघत नाही, याची कारणं माणसांची आहेत. चार-पाच कोंबड्यांसाठी दिवसाची मजुरी कोण बुडवील? हिरडा गोळा करायच्या हंगामात तर विचारायलाच नको. दुसरं कारण भीतीचं. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या घेऱ्यातले पाळीव पक्षी मारले जातात, हे आता प्रत्येक वाडीला माहीत आहे. 2009 च्या केंद्रीय कायद्यानं राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्ही कळवणं बंधनकारक केलं. पण ज्या घरी पाहुण्याला वाढायला आणि अडीनडीला विकायला कोंबडीच असते, तिथं कायदा खुराड्याच्या बाहेर थांबतो. मग मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकल्या जातात आणि उरलेल्या घाईनं बाजारात जातात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पुढच्या गावात ते फुटतं, आणि तिथंही बोट पारव्याकडेच जातं.

एक अडचण निव्वळ नमुन्याची आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. आरएनए नाजूक असतं. उन्हात लवकर खराब होतं. म्हणून नमुना बर्फात हवा, आणि डोंगरावरून तो बर्फासकट पुण्याला पोचणं म्हणजे कुणाची तरी गाडी, कुणाचा तरी दिवस. फॉर्मेलिनमध्ये ठेवून पाठवायची जुनी सवय तर जनुकं वाचायच्या कामी घातकच. यावर एफटीए कार्ड नावाचा उपाय आहे. रसायन लावलेला जाड कागद. घशातून किंवा गुदद्वारातून घेतलेला कापसाचा बोळा त्यावर दाबायचा, सावलीत वाळवायचा. विषाणू मरतो, त्यामुळे वाटेत धोका नाही. पण त्याची अक्षरं कागदात टिकतात, बर्फाशिवाय, कित्येक दिवस. असं कार्ड पाकिटात घालून साध्या टपालानं जाऊ शकतं. राणीखेतच्या विषाणूवर ते वापरून पाहिलेलं आहे. त्यावरून जिवंत विषाणू वाढवता येत नाही, ही त्याची मर्यादा. वंश ओळखायला ते पुरतं.

या पुस्तकातलं नमुन्यांविषयीचं टिपण म्हणूनच मुद्दाम लांब ठेवलं आहे, आणि ते पशुधन पर्यवेक्षकांबरोबरच गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनाही समजेल असं लिहिलं आहे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये. प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालून उचलावा, काम झाल्यावर चुना टाकून खोल पुरावा. आणि बोळ्याइतकंच महत्त्व सोबतच्या कागदाला. पक्षी कोणता, वाडी कोणती, तारीख, लस केव्हा दिली होती आणि कोणती, गेल्या पंधरा दिवसांत बाजारातून नवा पक्षी आणला का, आणि आसपास पारवे किंवा होले मेलेले दिसले का. छापील नमुन्यात शेवटच्या दोन प्रश्नांना जागा नसेल, तर कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते हातानं लिहावेत.